मुलाला केसांवरून वर्गाबाहेर उभं केलं. गणवेशाचा नियम शाळेने कुठवर ताणावा?

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. त्यांचा मुलगा नववीत आणि मुलगी सातवीत, दोघं एकाच खाजगी अनुदानित शाळेत. जूनमध्ये शाळेचं पत्रक आलं: गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्यायचा, मुलांचा मिलिटरी कट, मुलींच्या दोन वेण्या आणि पांढऱ्या रिबिनी, हातावर मेंदी नको, गळ्यात-हातात-पायात दोरा नको, पॅन्टची मोहरी अमुक इंच. गेल्या सोमवारी केस वाढले म्हणून मुलाला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं. तेव्हापासून तो शाळेत जायला तयार नाही. ताई विचारतात, शाळेला एवढा अधिकार असतो का, की आपणच मुलाचे लाड करतोय?

मी नाशिकमध्येच माध्यमिक शाळेत आधी शिक्षिका, मग पर्यवेक्षिका आणि शेवटी मुख्याध्यापिका म्हणून काम केलं. गणवेशाचे नियम लिहिले, ते पाळायला लावले, त्यावरून चिडून आलेल्या पालकांशी बसून बोलले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. गणवेश ठरवण्याचा आणि मुलांनी नीटनेटकं यावं असा आग्रह धरण्याचा अधिकार शाळेला आहे. दुकान ठरवून देण्याचा नाही. केसांसाठी मुलाचे दोन तास बुडवण्याचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्याला उभं करण्याचा तर मुळीच नाही. तुम्ही लाड करत नाही आहात, ताई. पण शाळेचं सगळंच चुकलं आहे असंही नाही, म्हणून एकेक गोष्ट वेगळी करून पाहू.

वर्गात साठ मुलं असतात. कुणाचे वडील अंबडच्या कारखान्यात कायम, कुणाचे कंत्राटी, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते, कुणाची दिंडोरीला द्राक्षबाग. सकाळी प्रार्थनेला रांगेत उभं राहिल्यावर यातलं काही अंगावरच्या कपड्यांवरून कळू नये, यासाठी गणवेश. शिस्त, शाळेची ओळख, सहलीत मूल चटकन सापडणं ही कारणंही खरी आहेत, पण माझ्या लेखी ती नंतरची. त्यामुळे कुठलाही नियम समोर आला की मी एकच पाहते: वर्गातल्या सगळ्यात ओढगस्तीच्या घरातल्या मुलाला तो चारचौघांच्या नजरेत न येता पाळता येईल का? येत असेल तर नियम खुशाल ठेवावा. येत नसेल, तर ज्या मुलाला झाकण्यासाठी गणवेश आणला त्यालाच तो उघडं पाडतो.

आता तुमच्या मुलाचे केस. शाळेने केसांबद्दल काही बोलूच नये, असं मी म्हणणार नाही. पण नियम असा लिहावा की मुलाला, आईला आणि सलूनवाल्याला एकच अर्थ कळेल. ‘मिलिटरी कट’ म्हणजे काय, हे तीन शिक्षकांना विचारा, तीन उत्तरं येतील. मग ज्या सरांचा मूड जसा, तसा न्याय. आमच्या शाळेत आम्ही तीन गोष्टी लिहिल्या होत्या: केस डोळ्यांवर येऊ नयेत, कान झाकू नयेत, मागे कॉलरला टेकू नयेत. शिवाय रंग लावायचा नाही आणि वस्तऱ्याने रेघा-नक्षी काढायची नाही. एवढ्या चौकटीत मुलगा भांग कुठे पाडतो, बाजूला फेड करतो की नाही, यात शाळेने पडू नये. चौदाव्या-पंधराव्या वर्षी आरशातला चेहरा रोज बदलत असतो. मुरूम येतात, आवाज फुटतो, मिसरूड फुटतं. त्या वयात स्वतःच्या दिसण्यातली एक तरी गोष्ट आपल्या हातात असावी असं पोराला वाटतं, आणि ते वाटणं निरोगी आहे. त्याला टपोरी म्हणणाऱ्या शिक्षकाला तो पुढची दोन वर्षं विज्ञानातली शंका विचारणार नाही.

तपासणीचा वारसुद्धा पाहावा. बऱ्याच शाळांत केस-नखांची तपासणी सोमवारी असते आणि ‘उद्या कापून ये’ असं सांगतात. आपल्याकडे बहुतेक सलून सोमवारी बंद असतात. मंगळवारी सकाळी सातची शाळा. तो कापणार कधी? मी तपासणी गुरुवारी ठेवायला लावली आणि मुदत पुढच्या सोमवारची. मध्ये रविवार येतो, वडील घरी असतात, मुलाला सोबत घेऊन जातात. एवढ्या एका बदलाने केसांच्या निम्म्या तक्रारी मिटल्या. आणि महिनाअखेरीला कुठल्याच खर्चाची मुदत ठेवू नये. कामगारांचा पगार सात ते दहा तारखेला होतो, हे शाळेला माहीत असायला हवं.

एका बाबतीत मात्र माझी भूमिका कधी मऊ झाली नाही. शिक्षकाने कात्री हातात घेऊन मुलाचे केस कापायचे नाहीत. थोडेसेसुद्धा नाही, गमतीतसुद्धा नाही. मुलाच्या अंगाला त्याच्या मनाविरुद्ध हात लावणं आहे ते. मी मुख्याध्यापिका असताना हे शिक्षकसभेत लेखी नोंदवून घेतलं होतं.

उभं करण्याबद्दल कायदा काय सांगतो, तेही माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. हा कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी, पहिली ते आठवीसाठी आहे. तुमचा मुलगा नववीत आहे म्हणून तो उघड्यावर पडला असं नाही. बाल न्याय कायदा, २०१५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्याने त्याला विनाकारण शारीरिक-मानसिक यातना होतील असं वागणं हा त्या कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा ठरू शकतो. हे सांगते ते तुम्हाला बळ यावं म्हणून. पहिल्याच भेटीत कलमं काढू नका. बहुतेक शिक्षक हे दुष्टपणाने करत नाहीत. त्यांच्या वेळी असंच होतं म्हणून करतात, आणि कुणीतरी शांतपणे सांगितलं की ऐकतात. मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या पोशाखाबद्दलच सूचना काढल्या, जीन्स-टीशर्ट नको वगैरे. तेव्हा शिक्षकखोल्यांत किती नाराजी होती! आपल्या कपड्यांवर दुसऱ्याने बोट ठेवलं की कसं वाटतं, ते तेव्हा सगळ्यांना कळलं. मुलांनाही तसंच वाटतं, एवढंच मी माझ्या सहकाऱ्यांना सांगत असे.

मग शिस्त कशी राखायची? फाटकाशी उभं राहून मूल पाहायचं, पण तिथे बोलायचं नाही. वर्गशिक्षकाने मधल्या सुट्टीत बाजूला घ्यायचं आणि पहिला प्रश्न ‘का नाही आलास गणवेशात?’ असा न करता ‘काय झालं?’ असा करायचा. उत्तरं ऐकलीत तर थक्क व्हाल. एकच शर्ट होता, तो वाळला नाही. आई दवाखान्यात आहे. बहीण-भाऊ एकाच बुटाच्या जोडावर वेगवेगळ्या सत्रात येतात. घरमालकाने खोली रिकामी करायला लावली, पिशव्या अजून उघडलेल्या नाहीत. यातल्या कुठल्याही मुलाला बाहेर उभं केलं असतं तर काय साधलं असतं? आणि ज्याने खरंच टंगळमंगळ केली, त्याच्या डायरीत लिहायचं, घरी फोन करायचा, तरी नाही झालं तर पालकांना बोलवायचं. पण तास बुडवायचा नाही. गणवेश शिकण्यासाठी आहे. त्याच्यापायी शिकणंच बुडालं तर नियमाला काही अर्थ उरत नाही. दंडाचे पैसे घेण्यालाही माझा विरोध आहे. ते पैसे नियम मोडणाऱ्या मुलाच्या खिशातून जात नाहीत, आईच्या डब्यातून जातात.

आता दुकान. ठरावीक दुकानातूनच वह्या, पुस्तकं, गणवेश घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, हे शासनाने वेळोवेळी स्पष्ट केलं आहे. शाळा म्हणते, ‘रंग वेगळा पडतो, कापडाची प्रत राहत नाही.’ अडचण खरी आहे, पण उपाय सोपा आहे. कापड साध्या रंगाचं निवडायचं. खास शाळेसाठी विणलेला चौकडा घेतला की तो एकाच दुकानात मिळणार, मग भावही तोच ठरवणार. गडद निळी पॅन्ट आणि फिकट निळा किंवा पांढरा शर्ट मेन रोडपासून नाशिकरोडपर्यंत कुठेही मिळतो, सोलापूरचे गणवेश बनवणारे कारखाने तर असा माल गठ्ठ्याने पाठवतात. शाळेचं नाव कापडात विणून किंवा छापून न घेता वेगळा बिल्ला करायचा आणि तो शाळेने द्यायचा. घरी खिशावर शिवून टाकला की झालं. कापडाचा तुकडा आणि त्याचा शेड नंबर कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावायचा. पालकाने तुकडा पाहायचा, हवं तिथून घ्यायचं, शिवायचं असेल तर ओळखीच्या शिंप्याकडे शिवायचं. शेड उन्नीस-बीस झाली तर झाली. रांगेत लांबून सगळी मुलं एकसारखी दिसतात.

शिवून घेणार असाल तर शिंप्याला माया, म्हणजे शिवणीत आत दुमडलेलं जास्तीचं कापड, भरपूर सोडायला सांगा. पॅन्टच्या खाली तीन इंच दुमड, कमरेत मागे दीड-दोन इंच, शर्टाच्या बाजूच्या शिवणीत इंचभर. वाढत्या अंगाचं शिवणं आपल्या आज्यांना माहीत होतं, तयार कपड्यांच्या नादात ते सुटलं. तयार कपड्याला आत माया जवळजवळ नसते, त्यामुळे दुकानात घेतानाच कपडा उलटा करून शिवण बघून घ्या. कापड टेरिकॉट घ्या, पण सुती धागा त्यात चांगला असलेलं. निव्वळ पॉलिस्टरचा शर्ट एप्रिल-मेच्या उन्हात अंगाला चिकटतो, घामोळं येतं, आणि निव्वळ सुती शर्टाला इस्त्री रोज लागते. ती वेळ कामावर जाणाऱ्या आईकडे नसते.

पॅन्टच्या मोहरीवरून आणि आखूडपणावरून ओरडणाऱ्या शिक्षकांना मी एक गोष्ट नेहमी सांगायची. मुलग्यांची उंची साधारण तेरा ते पंधरा या वयात झपाट्याने वाढते, भराच्या एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटरसुद्धा. मुलींची वाढ त्याआधी दोनेक वर्षं येते. म्हणजे जूनमध्ये बुटावर टेकणारी पॅन्ट जानेवारीत घोट्याच्या वर जाते. आपण म्हणतो फॅशन करतोय. तो बिचारा खालची दुमड उसवून-उसवून संपवून बसलेला असतो. तंग पॅन्ट दिसली की मी आधी दुमडीकडे पाहायची. उसवल्याची जुनी रेघ दिसली की गप्प बसायचं आणि कपाटातली मोठी पॅन्ट काढून द्यायची.

हे कपाट प्रत्येक शाळेत असावं असं मला फार वाटतं. दहावीचा निरोप समारंभ झाला की मुलांना सांगायचं, परीक्षा संपल्यावर गणवेश धुऊन, बटणं लावून आणून द्या. मापाप्रमाणे लावून ठेवायचे. महत्त्वाचं हे की ते ‘गरजूंसाठी’ म्हणून वाटायचे नाहीत. जूनच्या पालकसभेत एका टेबलावर मांडायचे, ज्याला हवा त्याने न्यावा, डॉक्टरांनी न्यावा, रिक्षावाल्यांनी न्यावा. दोन-चार सुस्थितीतल्या पालकांनी आधी उचलले की बाकीच्यांचा संकोच जातो. मी पालक-शिक्षक संघातल्या माझ्या ओळखीच्या मातांना मुद्दाम पहिल्यांदा टेबलाशी जायला सांगत असे.

याची गरज नववी-दहावीत सगळ्यात जास्त, आणि त्याचं कारण बऱ्याच पालकांना माहीत नसतं. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत समग्र शिक्षा योजनेतून मिळणारा मोफत गणवेश आठवीपर्यंतच आहे. दोन संचांसाठी मुलामागे ६०० रुपये. मूल महापालिकेच्या शाळेतून आठवी होऊन नववीला माध्यमिक शाळेत येतं, तेव्हा ही मदत थांबते. नेमका तेव्हाच गणवेश नवा, रंग वेगळा, आणि उंची धावत सुटलेली. नववीच्या पहिल्या महिन्यात जी मुलं ‘गणवेशात नाहीत’ म्हणून उभी केली जातात, त्यांत ही किती असतात ते एकदा मोजून पाहावं. नववीला नव्याने आलेल्या मुलाला जुना गणवेश निदान दिवाळीपर्यंत चालावा. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर कामाला येतात, त्यांची मुलं वर्षाच्या मध्येच दाखल होतात. त्यांना तर वर्ष संपेपर्यंत आहे तो कपडा चालला पाहिजे.

मापाचा आणखी एक धडा शासनालाही मिळाला. ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून २०२४-२५ मध्ये कापड वरून आलं, शिवण बचत गटांकडे गेलं; अनेक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश पोचले नव्हते, आणि पोचले त्यांत मापाच्या तक्रारी होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. मुलाचं अंग ज्याला दिसतं त्यानेच माप घ्यावं, हे त्यातून कळावं.

ऋतूंचं थोडक्यात सांगते. पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या पट्ट्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे चामडी बूट मागणं म्हणजे मुलांच्या पायांना चिखल्या लावणं. जून ते सप्टेंबर सँडल किंवा चप्पल चालावी. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडला त्याहून खाली. सकाळच्या सत्राच्या मुलाच्या अंगावर जो स्वेटर असेल तो शाळेचा स्वेटर. रंगावरून तो काढायला लावू नये.

आता मुलीकडे वळू, कारण पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल आणि बहुतेक शाळांत तिथे स्कर्ट जाऊन पंजाबी ड्रेस येतो. ओढणी असेल तर ती दोन्ही खांद्यांवर पिन लावून असावी, किंवा ओढणीऐवजी कोटी, म्हणजे वरून घालायचं बिनबाह्यांचं जाकीट, असावी. मला कोटी बरी वाटते. प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्याशी लोंबती ओढणी धोक्याची, आणि सायकलच्या किंवा बाबांच्या दुचाकीच्या चाकात ओढणी अडकून झालेले अपघात आपण वाचतो. लांब केस बांधलेले असावेत, यामागचं कारणही हेच. पण ‘दोनच वेण्या’ हा हट्ट कशासाठी? सहाच्या शिफ्टला निघालेल्या आईला दोन वेण्या घालून द्यायला वेळ नसतो, आणि सातवीतल्या मुलीला मागचा भांग सरळ पाडता येत नाही. ‘खांद्याखाली गेलेले केस बांधलेले असावेत’ एवढा नियम पुरतो. एक वेणी चालावी, पोनी चालावी, आखूड केसांना हेअरबँड चालावा. कानात टिकली किंवा छोटी रिंग चालावी. बांगड्या मात्र खेळाच्या तासाला नकोत, कारण काच फुटून हात कापतो. मुलींना कारण सांगितलं की त्या ऐकतात, माझा अनुभव पक्का आहे. कारण न सांगता ‘शोभत नाही’ म्हटलं की मनातून उतरतं.

आणि शनिवारचा पांढरा गणवेश. याबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. आठवी-नववीच्या मुली शनिवारी गैरहजर का राहतात, हे हजेरीपत्रक उघडून पाहिलं की उलगडतं. पाळी नुकती सुरू झालेली असते, तारखा नियमित नसतात, आणि अंगावर पांढरी सलवार. डाग दिसेल या भीतीने मुलगी तासभर बाकावरून उठत नाही, फळ्यावर यायला नकार देते, कवायतीला पोटात दुखतं म्हणून सांगते. आम्ही पांढरी सलवार बंद करून गडद निळी ट्रॅकपॅन्ट आणली, वर पांढरा टीशर्ट ठेवला. मुली धावायला लागल्या. शाळेत बाईंच्या कपाटात दोन-तीन मापांच्या जास्तीच्या सलवारी आणि पॅड असावेत, आणि किल्ली अशा बाईंकडे असावी ज्यांच्याकडे मुलगी न लाजता जाईल. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी असं शासनाचं २०२२ पासून सांगणं आहे. हा विषय तुम्ही तिथे मांडू शकता. मुलीला कधीही, कुठल्याही कारणाने कपडे उचलून दाखवायला सांगितलं जाऊ नये. असं कुणी केलं तर मात्र वाट पाहायची नाही, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा.

मेंदी, दोरे, माळ यांचं. मेंदी एकदा रंगली की आठ-दहा दिवस जात नाही. मावशीच्या लग्नात हात रंगवलेल्या मुलीला ‘धुऊन ये’ सांगून काय होणार? नाशिकात तर रंगपंचमीला तिवंध्याच्या, शनि चौकाच्या, दिल्ली दरवाजाच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उडी मारून आलेल्या पोराचा रंग पुढे कित्येक दिवस कानामागे दिसतो. पेशवेकाळापासूनची ती आपल्या गावाची परंपरा आहे. त्या मुलाला शिक्षा करणाऱ्याला नाशिक कळलेलं नाही, असं मी स्पष्ट म्हणते. सणाच्या काळातल्या राखी, टिळा, मेंदीवरून मुलांना शिक्षा करू नका, असं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानेही ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यांना कळवलं होतं. रामकुंडावर दहावा करून आलेला मुंडण केलेला मुलगा, वारकरी घरातली तुळशीची माळ, शीख मुलाचा पटका, जुन्या नाशकातल्या मुलीचा स्कार्फ, सुरगाण्याकडच्या मुलीचं गोंदण, हे सगळं दागिन्यांच्या यादीत घालू नये. यावर न्यायालयांतही एकमत झालेलं नाही. कर्नाटकातल्या हिजाबच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. मुंबईतल्या एका महाविद्यालयाची हिजाब-टोपीबंदी उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये कायम ठेवली, तर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अंशतः स्थगिती दिली. एवढे मोठे लोक जिथे थांबतात, तिथे फाटकावरच्या शिक्षकाने मुलीच्या डोक्यावरचा कपडा काढायला लावू नये. आम्ही स्कार्फचा आणि पटक्याचा रंग गणवेशाला जुळता ठेवायला सांगितला होता. घरच्यांनी आनंदाने मानलं.

हातात दोरे मात्र पाच-पाच असतील, फ्रेंडशिप बँड, ब्रेसलेट, कडी, तर शाळा काढायला सांगू शकते. तिथे मी शाळेच्या बाजूने आहे. तसंच केसांचा रंग, नेलपॉलिश, महागडी घड्याळं आणि बुटांचे ब्रँड. काळा साधा बूट म्हणजे काळा साधा बूट; एकाच्या पायात पाच हजारांचा जोड आला की बाकीच्यांच्या घरी रात्री भांडण होतं.

ताई, आता तुम्ही काय करायचं. आधी वर्गशिक्षकांना एकटं भेटा, मुलाला न घेता, आणि त्यांचं ऐकून घ्या. मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ध्या पानाचं पत्र द्या आणि पोच घ्या. त्यात तारीख, मुलगा किती वेळ बाहेर होता, कोणते तास बुडाले, एवढंच लिहा. शिक्षकांबद्दल विशेषणं नकोत. मागण्या तीन ठेवा: केसांचा नियम स्पष्ट शब्दांत लिहून मिळावा, गणवेश कुठूनही घ्यायची मुभा पत्रकात नमूद व्हावी, आणि गणवेश किंवा केसांवरून कुठल्याही मुलाचा तास बुडवू नये. ‘माझ्या मुलाचा’ असं न लिहिता ‘कुठल्याही मुलाचा’ लिहा, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय घ्यायला सोपं जातं आणि आणखी चार पालक सही करतात. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर त्याच पत्राची प्रत जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. मोबाइलच्या गटावर शाळेविरुद्ध लिहू नका. त्याने मुलाचंच नाव गावभर होतं.

मुलाशी बोलताना शाळेची बाजू घेऊ नका आणि शाळेला शिव्याही देऊ नका. तुला बाहेर उभं केलं ते चूक होतं, हे त्याला एकदा स्पष्ट ऐकू द्या. ते ऐकल्याशिवाय पुढचं काही त्याच्या कानात शिरणार नाही. मग सांगा की केस कॉलरला टेकतायत, तेवढे कापावे लागतील, बाकी कसे ठेवायचे ते तू ठरव. रविवारी सलूनमध्ये त्याला स्वतः बोलू द्या. सोमवारी शाळेत त्याच्याबरोबर फाटकापर्यंत जा, आणि वर्गशिक्षकांना आधीच फोन करून ठेवा की वर्गात शिरल्यावर केसांबद्दल कुणी काही बोलू नये, चांगलंसुद्धा नाही. बुडालेल्या तासांची वही त्याला कुणा मित्राकडून आदल्या दिवशीच आणून द्या, म्हणजे बाकावर बसताना तो मागे पडलेला नसेल.